एकाच पिंपातली वाळू

१२ मे, सोमवार

आजपासून मी उद्योजक. वय अठ्ठावन्न, भांडवल निवृत्तीचं, धंद्याचा अनुभव शून्य. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं 'मृदा यांत्रिकी' शिकवली. समारंभात तीन शाली, चार नारळ आणि ही वही मिळाली. नारळ संपले, शाली सोलापूरच्या मे महिन्यात बघवत नाहीत, म्हणून वहीला हात घातला.

जुळे सोलापूर भागात गाळा घेतलाय. बोर्ड लागला: 'हत्तुरे माती परीक्षण प्रयोगशाळा. प्रमुख: प्रा. प्रभुलिंग हत्तुरे.' महेश्वरीने बोर्डाला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "अहो, प्रमुख म्हंजे कुणाचं प्रमुख?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही दोघंच. दुसरे नईमभाई, आमच्याच कॉलेजचे प्रयोगशाळा सहायक, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेले. मी वर्गात शिकवायचो, प्रयोग ते करायचे. इतकी वर्षं हीच वाटणी होती, इथेही तीच ठेवलीय. आज दिवसभरात एक गिऱ्हाईक आलं. त्याला झेरॉक्स हवी होती.

३ जून, मंगळवार

ऋतुराज आला. माझा विद्यार्थी, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा, आता चांगला नावारूपाला आलेला ठेकेदार. गाडीतून उतरला तो थेट पाया पडला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराने ते पाहिलं की नाही याची मी आधी खात्री करून घेतली, मग त्याला उठवलं.

चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याचं आवार वाढवायचंय. जागा उताराची. म्हणून बारा फूट उंच भिंत, तिच्या मागे वाळूचा भराव आणि भरावावर ट्रक. भिंतीच्या खालच्या अंगाला कामगारांच्या नऊ पत्र्याच्या खोल्या आहेत. भरावात पाणी साठून राहिलं तर त्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. म्हणून वाळू जाड आणि स्वच्छ असायला हवी, आणि तसं कुणीतरी लिहून द्यायला हवं.

"सर, तुमची सही असली की कारखानावाले डोळे झाकून मानतील," तो म्हणाला. मी त्याचं बोलणं डोळे झाकून मानलं. अहवाल परवा हवाय.

५ जून, गुरुवार

पहिला अहवाल गेला! आठ चाळण्या एकावर एक, वर जाड जाळीची, खाली सर्वांत बारीक. यंत्र पंधरा मिनिटं धडधडलं. प्रत्येक चाळणीवर उरलेली वाळू नईमभाईंनी तोलली, मी आकडे लिहिले आणि आलेख काढला. ती वळणदार रेघ मी फळ्यावर हजारदा काढली असेल. आज पहिल्यांदा ती कुणाच्या तरी उपयोगाची होती. सर्वांत बारीक चाळणीतून खाली पडलेली धूळ शेकडा तीन. वाळू जाड, स्वच्छ, पाणी झटकन सोडणारी.

नईमभाई मधेच अडले होते. चिमटीत चार दाणे धरून म्हणाले, "सर, येकदा धुऊन घ्यायचं का? ही ढेकळं वाटायलीत मला."

मी म्हणालो, "ढेकळं नाहीत, मोठे दाणे आहेत. आणि धुतली की वाळवायला एक दिवस जातो." वय झालं की माणूस कामं लांबवतो. मी त्यांना तसं म्हणालो नाही, मोठेपणा म्हणून.

जेवताना महेश्वरीला सगळं समजावलं. "हरभऱ्याच्या डब्यात पाणी ओत, झर्रकन तळाला जाईल. मैद्याच्या डब्यात ओत, वरच बसेल. दाणा मोठा तर दाण्यांमधली फट मोठी. दाणा दुप्पट झाला की पाणी चौपट वाहतं."

"आन हरभऱ्यात मैदा मिसळला तर?"

"मग मैद्याचं राज्य. वजनाने सर्वांत बारीक जो दहावा हिस्सा असतो ना, तो ठरवतो पाणी कसं जाणार ते. बाकीचे नव्वद टक्के नुसते बसलेले."

"मग मैदा किती हाय ते आधी नीट बगाय पायजे की," ती म्हणाली. बायकोलाही एका जेवणात कळावं इतकं मी सोपं शिकवतो, याचं मला फार समाधान वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

भिंत बघून आलो. सुरेख उभी आहे. पाणी बाहेर पडावं म्हणून तिच्यातून जागोजागी नळ्या काढल्यात. ती खालच्या खोल्यांना खेटूनच उठलीय, आता भिंत हीच त्यांची मागची बाजू. तिसऱ्या खोलीत गुरम्मा राहते, अक्कलकोटकडची. नवरा कारखान्यात, ही कडक भाकरी करून विकते. तिने खोलीशेजारच्या बोळातल्या दोन नळ्यांना दोरी बांधून धुणं वाळत घातलं होतं.

"चांगली सोय झाली बगा सायब," ती म्हणाली. "आधी भ्या वाटलं, नळीतनं पानी गळंल, कापडं घाण हुतील. पर येक थेंब न्हाय. परवा लई पाऊस झाला, तवाबी न्हाय."

मी ऋतुराजकडे विजयी नजरेने पाहिलं. एवढा पाऊस पडूनही भिंत ठणठणीत कोरडी! गुरम्माला म्हणालो, "बाई, वाळू कुणाची आहे?" तिला कळेना. मग मीच सांगितलं, "माझी. मी पास केलेली."

नईमभाईंनी तिच्याकडून भाकरी घेतल्या, तिचा फोन नंबरही घेतला, पुन्हा भाकरी लागल्या तर म्हणून. परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "सर, मग पानी गेलं कुटं?"

"जिरलं असेल," मी म्हणालो. माणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

महेश्वरीशी वाद. जूनमध्ये उरलेली वाळू तिने गच्चीवरच्या कुंड्यांत तळाला घातली होती, निचरा चांगला होतो असं मीच सांगितलं होतं. कढीपत्ता पिवळा पडलाय. कुंडीत पाणी तसंच उभं.

"तुमची वाळू पानी सोडत न्हाय."

मी म्हणालो, कुंडीचं भोक बुजलं असेल. तिने कुंडी आडवी करून भोक दाखवलं. मोकळं होतं. मी म्हणालो, तू पाणी जास्त घालतेस. त्यावर ती जे बोलली ते कानडीत होतं, आणि ते इथे लिहिणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

मी गाढव आहे. हे वाक्य एकदा स्वतंत्र लिहून टाकलेलं बरं.

महेश्वरीने आज कुंडी पिशवीत घालून थेट प्रयोगशाळेत आणली आणि माझ्यासमोर नाही, नईमभाईंसमोर ठेवली. त्यांनी तळातली मूठभर वाळू पाण्याच्या बादलीत टाकली, हात फिरवला. पाणी काळं झालं. ओतलं, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा काळं. ज्यांना मी मोठे दाणे म्हणालो होतो ते बोटांत विरघळत होते. ओढ्यातली काळी माती, मे महिन्याच्या उन्हात वाळून कडक झालेली, अंगाला वाळूची पूड माखून घेतलेली. कोरड्या चाळणीवर ती दाणा म्हणून ऐटीत बसून राहते.

कुंडीतली वाळू पुरावा नाही, कुंडीतली माती तिच्यात मिसळली असेल, असं मी म्हणालो. बुडताना मी कुठलीही काडी सोडली नाही. तेव्हा नईमभाईंनी फळीवरून एक बरणी काढली. जूनच्या नमुन्यातली सीलबंद किलोभर वाळू त्यांनी बाजूला ठेवली होती. "ठेवावं लागतंय की सर, नियम हाय," ते म्हणाले. हा नियम मी दरवर्षी परीक्षेत विचारायचो.

ती धुतली, वाळवली, तोलली. धूळ शेकडा एकवीस.

तीनच्या जागी एकवीस. म्हणजे त्या भिंतीमागे बारा फूट मैदा आहे, आणि मी त्याला हरभरा म्हणून सही केलीय.

९ सप्टेंबर, मंगळवार

नमुना आधी धुवायचा, मग चाळायचा. हे पुस्तकात आहे, मीच शिकवत होतो, परीक्षेत दोन गुण होते. मग मी विसरलो कसा? सकाळी नईमभाईंना विचारलं.

त्यांनी सांगितलं, "सर, आपल्या लॅबमधी निळं पिंप होतं बगा, वाळूचं. तुमी यायच्या आधी जुन्या मास्तरांनी भरून घेतलेलं. प्रत्येक बॅचला तीच वाळू चाळायला द्यायची आन परत पिंपात ओतायची. पहिल्या वर्षी मी धुतली ती. नंतर धुवाय तिच्यात काय उरलंच न्हाय."

एकतीस वर्षं आम्ही एकाच पिंपातली वाळू चाळली. वर्षाला साठ पोरं, तीच वाळू, तीच रेघ, तेच आकडे. पोरं आदल्या वर्षीच्या वहीतून उतरवून घ्यायची आणि ते बरोबरच असायचं. त्या वाळूला धुवायची गरज नव्हती, म्हणून धुणं प्रयोगातून गळालं, मग माझ्या डोक्यातूनही गळालं. मी मातीचा प्राध्यापक नव्हतोच. मी एका पिंपाचा प्राध्यापक होतो.

आणि नळ्या कोरड्या का हेही आता कळलं. पाणी बाहेर येत नाही कारण ते आत भिंतीला रेटत बसलंय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस काही केलं नाही. खोटं कशाला, पत्राचे पाच मसुदे केले. पहिल्यात 'तांत्रिक तफावत' आली. दुसऱ्यात 'नमुन्याच्या स्वरूपामुळे'. तिसऱ्यात चूक जवळजवळ वाळूचीच निघाली. पाचवा महेश्वरीने वाचला आणि म्हणाली, "ह्यात तुमी कुटं हाय?"

मला भीती वाटते. भिंत पडायची वाटते, पण खरं लिहायचं तर नाव जायचीही तितकीच वाटते. आयुष्यभर 'हत्तुरे सरांना विचारा' एवढीच काय ती माझी कमाई. नऊ खोल्यांतली माणसं आणि माझं नाव एका तराजूत टाकून मी तीन दिवस काटा बघत बसलो, याची लाज वाटते.

शेवटी ऋतुराजकडे गेलो. मला वाटलं होतं तो आदळआपट करेल. तो गोंधळूनच गेला. "पण सर, आपण कॉलेजात कधी धुतलीच नाही. मी साइटवर पण तसंच करतो. तुम्हीच शिकवलंत की." त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. मग म्हणाला, "पावसाळा संपत आलाय. भिंत उभी आहे. कागदावरच्या आकड्यावरून अख्खा भराव उकरू? तुम्ही प्रत्यक्ष दाखवा पाणी अडतंय ते."

ठरलं. सोमवारी वरून टँकर ओतायचा आणि नळ्यांतून पाणी येतं का बघायचं. येताना सिद्धेश्वराच्या देवळात गेलो आणि पाणी येऊ दे म्हणून नवस बोललो. देवाला वाळूचा आलेख बदलायला सांगणारा मी पहिलाच प्राध्यापक असेन.

१५ सप्टेंबर, सोमवार

टँकर अकराला आला. भिंतीच्या मागे भरावात खड्डा घेतला होता. पाणी सोडणार एवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला: खाली माणसं आहेत! मी ओरडत खाली धावलो. खोल्या रिकाम्या होत्या. नऊच्या नऊ घरांतली माणसं लांब कडुनिंबाखाली बसली होती. नईमभाईंनी सकाळीच गुरम्माला फोन केला होता. त्यांनाही हे सुचावं, हा योगायोगच म्हणायचा.

पाणी सोडलं. स्वच्छ वाळू असती तर पाच-दहा मिनिटांत नळ्या वाहायला हव्या होत्या. ऋतुराज, कारखान्याचे मॅनेजर, मी, सगळे नळ्यांकडे तोंड करून उभे. दहा मिनिटं. वीस. अचानक तिसऱ्या नळीखाली टप्प. पुन्हा टप्प. मी ओरडलो, "आलं! आलं!" ऋतुराजचा हात धरून हलवला. नवस फळला!

"अय्यो सायब," कडुनिंबाखालून गुरम्मा म्हणाली, "त्ये माझं लुगडं गळाय लागलंय. निघतानाच धुऊन टाकलंय."

लुगडं काढलं. नळी कोरडी.

वर जाऊन बघितलं. खड्ड्यात तळं साचलं होतं, टॉवेल कारखान्याचे दोन कावळे आंघोळ करत होते. चाळीस मिनिटांत पाणी वीतभरही उतरलं नव्हतं. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मी खिशातून कागद काढला आणि तिथेच गाडीच्या बॉनेटवर सहावा मसुदा लिहिला: 'माझा पाच जूनचा अहवाल चुकीचा आहे. नमुना मी धुतला नव्हता. भरावाची वाळू या भिंतीला धोकादायक आहे. भराव काढावा, तोवर खालच्या खोल्यांत कुणी राहू नये.' खाली सही. चार ओळींचं काम होतं.

माणसांना कारखान्याच्या जुन्या गोदामात हलवायचं ठरलं. गुरम्मा चूल उचलताना माझ्याजवळ थांबली. "तुमचीच वाळू म्हनलासा की त्या दिशी."

"माझीच होती," मी म्हणालो.

ती आणखी काही बोलेल म्हणून थांबलो. ती चूल डोक्यावर घेऊन गेली.

२४ सप्टेंबर, बुधवार

रविवारपासून सलग पाऊस. भराव निम्माच उकरून झाला होता, मग यंत्र चिखलात रुतलं. सकाळी ऋतुराजचा फोन आला, "सर, या."

भिंत पडलेली नाही. मधल्या भागात ती चार बोटं पुढे आलीय. तेवढ्याने तिसऱ्या आणि चौथ्या खोलीचे पत्रे कागदासारखे दुमडून दारापर्यंत आलेत. निम्मा भराव आधी काढला नसता तर ती अख्खी खोल्यांवर आली असती.

गुरम्मा दुमडलेल्या पत्र्यांपलीकडे बघत उभी होती. "माजी पोरगी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायची," ती म्हणाली. "रोज. तितंच बसायची."

मी तिथल्याच एका दगडावर बसलो. नईमभाईंनी पाणी दिलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही माणूस मेला नाही याचं कारण मी हुशार होतो हे नाही, मी काही बांधलं नव्हतं एवढंच.

२८ सप्टेंबर, रविवार

बुधवारी परतताना ऋतुराज म्हणाला होता, त्याच्या अशाच अजून चार भिंती आहेत. तेव्हापासून माझी झोप उडालीय. वर्षाला साठ, एकतीस वर्षं, म्हणजे अठराशे साठ इंजिनियर. सगळे एका पिंपातून निघालेले.

आज माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिलं. सगळं लिहिलं, लुगड्यासकट. शेवटी लिहिलं: 'मी तुम्हाला नमुना धुवायला शिकवलं नाही. ज्यांनी वाळू कोरडी चाळून कुठेही वापरली असेल त्यांनी तिचा नमुना मला आणून द्यावा. फी नाही.' बोट बराच वेळ बटणावर अडखळलं. महेश्वरीने वरून माझं बोट दाबलं.

तासाभरात त्रेसष्ट उत्तरं. एकोणसाठ जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. 'ग्रेट सर', 'सर यू आर लिजेंड', एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो.

चौघांनी वाचलं होतं. ऋतुराज: 'सकाळी चारही नमुने आणतो.' होटगीची दानेश्वरी, ती विहिरींभोवती वाळूची गाळणी घालते. एक पुण्याचा. आणि करकंबचा जोतिराम. त्याने लिहिलं, 'सर, ओढ्यावरचा लहान पूल आहे. दोन्ही बाजूंना भिंती, मधे भराव. वाळू ओढ्यातलीच. थोडी घरी शिल्लक आहे.'

२९ सप्टेंबर, सोमवार

आठला गाळा उघडायला गेलो तर जोतिराम पायरीवर बसलेला, पायाशी पोतं. पहिल्या बाकावर बसणारा मुलगा होता हा, टापटीप वहीचा. पहाटेच करकंबहून निघाला होता. माझ्या पाया पडला नाही, मला बरं वाटलं.

नईमभाई बादली घेऊन निघाले. मी ती त्यांच्या हातातून घेतली. बाह्या सरसावल्या, खाली बसलो आणि विचारलं, "किती वेळा धुवायची?"

"पानी नितळ येईस्तोवर, सर. मोजायचं न्हाय."

पहिलं पाणी काळं आलं. दुसरंही. हाताला लागणारे दाणे एकेक करून नाहीसे होत होते. जोतिराम वाकून बघत होता. तिसऱ्या पाण्याला तो सरळ उभा राहिला, रस्त्यावर जाऊन फोन लावला. आवाज आतपर्यंत येत होता.

"हॅलो, मी जोतिराम. शाळेची बस कुटं पोचली? ... न्हाय, पुलावरनं न्यायची न्हाय. थांबवा तितंच. पोरास्नी उतरवा, चालत वरच्या वाटंनं आना. ... कारण मागून सांगतो. आधी थांबवा."

तो फोन कानाला तसाच धरून उभा होता, पलीकडून कुणी काही सांगेपर्यंत. मग तो वळला आणि मान हलवली. बस थांबली होती.

मी चौथं पाणी ओतलं.